थेट दारापर्यंत

जीप थेट दारापुढं येऊन थांबली. पुढं निळा झेंडा, दारावर धम्मप्रचार संघाचं नाव मोठ्या अक्षरांत. बन्सी सर उतरले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणीत 'जय भीम!' घातला.

ओट्यावर घरमालकीण चतुराबाई गहू निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला.

जीवन दारात आला. संघाचा पूर्णवेळ प्रचारक, वय अवघं पंचवीस. तोंडचं पाणी पळालेलं. त्यानं आधी चतुराबाईकडं पाहिलं, मग सरांच्या बायकोकडं, सिंधुताईंकडं. त्या नजरेनं सिंधुताईंना फोन आठवला.

सकाळी सरांचा फोन त्यांनीच घेतला होता. 'ताई, गाडी स्टँडवरच लावा. मी घ्यायला येतो,' जीवन म्हणाला होता. पोरगं मानपान बघतंय, उगीच कशाला त्याला उन्हात हेलपाटा, म्हणून त्यांनी सरांना सांगितलंच नाही. चांगुलपणा केला म्हणे!

आत एकच खोली. गॅस, खाट, आणि मधल्या तुळईला टांगलेला जुना लाकडी पाळणा. जीवनच्या बायकोला, पंचशीलाला, सातवा महिना. ती वाकून पाया पडायला लागली, तर सिंधुताईंनी तिला वरच्या वर धरलं.

"भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसंना," सर म्हणाले.

"पेटीत हाय, सर."

"पेटीत? प्रचारकाच्या घरात बुद्ध पेटीत?"

जीवननं आवाज खाली केला. "सर, पाच महिने आमी पलीकडच्या गावात विहारातच झोपलो. तिथं संडास न्हाई. हिला अशा दिवसांत रानात जावं लागायचं, दोनदा पडली. लई खोल्या बघितल्या. हितं आडनाव इचारलं, मी गायकवाड सांगितलं. खोटं न्हाई बोललो."

गायकवाड दोन्हीकडं असतात, मराठ्यांत आणि बौद्धांतही. चतुराबाईनं आपल्याकडचे धरले आणि ह्यांनी दुरुस्त केलं नाही, एवढाच काय तो गुन्हा. पंचशीलाची शीला झाली, आणि शीला चतुराबाईला लेकीसारखी झाली. रोज वाटीभर दूध यायला लागलं. मागच्या आठवड्यात चतुराबाईनं स्वतःची चार लेकरं वाढवलेला पाळणा माळ्यावरून उतरवला आणि आपल्या हातानं टांगला.

"अरे, मग मला आधी सांगायचं ना!" सर कडाडले. "गाडी लांब लावली असती! तोंडाला काय कुलूप होतं?"

जीवननं मान खाली घातली. फोनचं नाव काढलं नाही. 'मला सांगितलं होतं त्यानं,' एवढंच म्हणायचं होतं सिंधुताईंना. ओठांवर आलंही. पण सरांसमोर, पोरांसमोर, आपण? त्यांनी नुसता पदर सारखा केला. तीस वर्षं खरं बोलायचे धडे देत फिरल्या होत्या त्या!

चतुराबाई उंबऱ्याशी आली. आत मात्र आली नाही.

"शीला, खोली खाली करा. लेक यायलीय बाळंतपणाला."

"कवा यायलीत ताई?" पंचशीलानं विचारलं.

"येईल कवा तरी. तुमी आजच्या आज बघा."

पंचशीलाचे डोळे भरले. ती पाळण्याची दोरी सोडायला उठली. "पाळणा देते काढून, आई."

"ऱ्हाऊ दे. तुमालाच ऱ्हाऊ दे आता त्यो," चतुराबाई म्हणाली. तिचाही आवाज जरा चिरकला, खोटं कशाला बोला? "आमच्यात न्हाई चालायचा."

ती गेली. सर उठले, बसले. "केस करू! वरपर्यंत जाऊ!" म्हणाले, आणि मग घड्याळात बघितलं. तलवाड्याचं प्रचारक जोडपं त्यांच्यासाठी जेवायला थांबलं होतं. रीतीप्रमाणं पंचशीलानं भेटीची वही पुढं केली. सरांनी ठसठशीत अक्षरात शेरा लिहिला, 'कार्यकर्त्यांनी ओळख लपवू नये,' आणि वही बायकोकडं सरकवली. सिंधुताईंनी खाली सही केली.

जीपपर्यंत पोचवायला पंचशीला एकटीच आली. जीवन आत पाळणा सोडत होता. तिनं हात जोडले.

"जय भीम, ताई. पुढच्या टायमाला आमी विहारात असू. गाडी थेट दारापर्यंत आणा. आता काईच अडचण न्हाई."