तळ्याच्या पाण्याची चादर

"हे कुणी खरं मानणार न्हाय, आधीच सांगतो," म्हणत चन्नप्पा बायकोच्या पिशवीवरच बसला. मल्लव्वा माहेरी, अक्कलकोटला निघाली होती. एसटीला अजून अवकाश होता.

"उठा आधी. आत कडक भाकऱ्या हायत, मोडतील."

वर्ष झालं, नवरा भिंतीकडं तोंड करून निजत होता. हात लावला की म्हणायचा, दमलोय. आज दुपारी तिनं सरळच विचारलं होतं, "दुसरी कोण हाय?"

दुसरी कुठली! कारखान्यात चादरीच्या मागावर उभं राहताना पाय थरथरायचे. ताटावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. कशाची म्हणून इच्छा होईना. शेवटी काल तो गुपचूप डॉक्टरांकडं जाऊन आला होता.

"टेस्टोस्टेरॉन कमी पडलंय," डॉक्टर म्हणाले होते. "पुरुषाच्या अंगातलं हार्मोन. आजार आहे, लाजायचं काय त्यात? सकाळचं रक्त पुन्हा तपासू, कारण शोधू, मग औषधाचं ठरवू. पोट तेवढं उतरवा. आणि येताना बाईंना घेऊन या."

अख्ख्या पेठेला थापा मारणारा चन्नप्पा. पण एवढी खरी गोष्ट ओठावर येईना. म्हणून त्यानं दुसरीच सोडली.

"तू निजलीस की सिद्धेश्वराच्या तळ्यातनं मागाचा आवाज येतो. खटक, खटक. मी उठून जातो. पायाला रस्ता लागतच न्हाय बघ. मधोमध माग हाय, पाण्याचाच. उभा ताणा चांदण्याचा, आडवा बाणा धुक्याचा. सूत नेणारा धोटा म्हंजे चंदेरी मासा गं! हिकडनं सोडला की सुळकन तिकडं. विणंल तसं तळं गुंडाळत जातं, आन् सगळं सोलापूर त्या चादरीखाली गार निजतं."

मल्लव्वा कधी खाली बसली, तिलाही कळलं नाही. खिडकीतलं ऊन तिच्या मांडीवर येऊन थांबलं होतं.

"काठाला काय घालता?" तिनं हळूच विचारलं. "मोर?"

"मोरच की. पर ओले. एकानं पिसारा झटकला की पार होटगीपतोर दव पडतं."

ती किंचित हसली. घर दोरी सुटलेल्या नावेसारखं संथ कुठंतरी निघालं. बाहेर रिक्षा ओरडली, ती कुणालाच ऐकू आली नाही. चन्नप्पाला आपलाच आवाज गोड लागू लागला. जिंकलो, त्याला वाटलं. आता पिशवी उघडायची, भाकऱ्या परत डब्यात.

"म्हणून दमतो गं मी," तो लाडानं म्हणाला. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय."

मल्लव्वानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"खोटं," ती म्हणाली. "रातभर तुमी ढाराढूर निजता. जागी मी असते."