ओहोटीचे फोटो

दातांच्या डॉक्टरांना फोटोंचा भारी नाद. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी ते बायकोला घेऊन समुद्रावर जायचे. ती घडीच्या खुर्चीत बसायची आणि हे मनसोक्त फोटो काढायचे.

पहिल्या रविवारी ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं, तर फोटोत तिचे घोटे पाण्यात बुडालेले.

"लेन्सची काहीतरी गडबड आहे," डॉक्टर म्हणाले.

"आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या," ती हसली.

पुढच्या रविवारी त्यांनी खुर्ची मुद्दाम वर, रस्त्यालगत मांडली. फोटोत पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तिसऱ्या रविवारी ते गळ्याला टेकलं, आणि फोटोतली ती तशीच हसत होती. खरी मात्र हसेना. "मला दाखवू नका," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी कॅमेरा कपाटात कुलूपबंद केला. समुद्रावर जाणंच सोडलं.

चौथ्या रविवारी दुपारी मुलगी माहेरी आली. दोघं सोफ्यावर बसलेली पाहून तिने मोबाइल उचलला.

"आईबाबा, इकडे बघा!"

"नको!" डॉक्टर ओरडले आणि त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. तोवर फोटो निघाला होता.

मुलीने स्क्रीनकडे निरखून पाहिलं.

"बाबा, यात तुम्ही एकटेच कसे? शेजारी नुसतं पाणी दिसतंय."

डॉक्टरांना मान वळवायचा धीर होईना. मुठीतला हात ओलाचिंब झाला होता, आणि पलीकडून तो कुणीतरी ओढत होतं.