डिफेक्टिव्ह पीस

प्रशीलचा जीव थाऱ्यावर नव्हता. चार महिने वाट पाहून इंग्लंडहून मागवलेली जुन्या डबलडेकर बसची प्रतिकृती, अगदी हुबेहूब, सीटच्या शिवणीसकट, आणि आली ती नेमकी खराब. आतला बोटाच्या पेराएवढा कंडक्टर एका मडमेला तिकीट देत होता, अन् गोंद ओघळून दोघांचे हात एकमेकांना चिकटून बसले होते. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांत प्रशील येरझाऱ्या घालत कंपनीचा उद्धार करत होता.

"असला डिफेक्टिव्ह पीस कपाटात ठेवला तर ग्रुपवरचे लोक हसतील. उद्याच परत पाठवतो."

"काय खराब शे त्यात?" म्हणत आजोबांनी, भिकाआबांनी, भिंग मागून घेतलं. डोळ्याला लावलं ते काढीचनात.

"परत नको पाठवू."

"आबा, हाताला हात चिकटलाय त्यात."

"तेच पाहतोय. एकतीस वर्षं धुळे-जळगाव गाडीवर तिकिटं फाडली मी. आडनाव कळलं की लोक हात मागं घ्यायचे. म्हणायचे, सीटवर ठेव, आम्ही घेतो उचलून."