कासवापुढे

“आई, चपला घाला, हे देऊळ नाही,” सून वृषाली म्हणाली, तोवर मी त्या दारात काढून मोकळी झाले होते. आमची क्रूझ दिवसभर बंदराला लागली होती आणि सगळे तिथल्या जखमी कासवांच्या केंद्रात कासवं बघायला आले होते.

उन्हातल्या उघड्या टाकीतलं कासव म्हातारं होतं. जाळ्यात अडकून पुढचा एक पाय गेलेला, तरी निवांत पोहत होतं. हात लावायला मनाई, म्हणून मी कठड्याला टेकून हात जोडले. आमच्या गावच्या शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे. आधी त्याला नमस्कार करायचा, मग मान वर करून देव बघायचा.

सवयीने मी मान वर केली. टाकीपलीकडे वृषाली होती. फोटो काढायला गेली खरी, पण फोन धरायला हात मोकळा नव्हता. एका हातात माझी काठी, दुसऱ्यात माझ्या चपला. मागच्या वर्षी मी अंथरुणाला खिळले, तेव्हा मला न्हाऊ घातलं ते याच हातांनी.

मी जोडलेले हात सोडले नाहीत.

“आता कुणाला नमस्कार?” तिने विचारलं.

“देवळातला क्रम मोडू नये,” मी म्हणाले. “आण त्या चपला, पाय भाजताहेत.”