नरडाण्याचा पोरगा

चुडामणने मुलीचा, मोहिनीचा, मोबाईल गव्हाच्या कोठीत टाकला, कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मग त्याने तीन नियम सांगितले.

जेवताना फोन नाही. अभ्यासाच्या वेळी फोन नाही. आणि नाना, म्हणजे तो स्वतः, बोलत असताना उलट उत्तर नाही.

नियम सांगताना तो पुस्तकी मराठी बोलायचा. अहिराणीत सांगितलेला नियम घरात कोणी मनावर घेत नाही, असा त्याचा अनुभव होता. पुस्तकी मराठीतलाही घेत नसत, पण निदान ऐकताना गप्प बसत.

मोहिनी सतराची, बारावीला. पास झाली की जळगावच्या कॉलेजात घालायचं त्याने कबूल केलं होतं, आणि त्या एका आशेवर पोरीने वह्यांचे गठ्ठे भरले होते. पण हातातला मोबाईल सुटेना. भाकरी थापताना तो परातीशेजारी, झोपताना उशाखाली.

"बैलाला एकदा सांगितलं की तो वळतो," चुडामण बायकोला म्हणाला. "विहिरीवरच्या मोटरला तर तेवढंही लागत नाही. गोपाल वायरमनने डबा बसवल्यापासून लाइट आली की आपली आपण केळीला पाणी देते. कुत्रंसुद्धा हाड म्हटलं की हटतं. या पोरीलाच तेवढं कळत नाही."

बेबाबाई म्हणाली की डबा बसवला तेव्हा तुम्ही पारोळ्याला लग्नात होता. त्याचा इथे काय संबंध, असं चुडामणने विचारलं आणि संबंध काय ते ऐकायला न थांबता तो झोपायला गेला.

सकाळी मोहिनी चहा घेऊन आली.

"नाना, जरा फोन द्या. नुसती एक रिंग द्यायची आहे. बोलायचंही नाही."

चुडामणचा चहा बशीतच राहिला. बोलायचं नसलेला फोन म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याच्या तरुणपणी गावातली निम्मी लग्नं मिस कॉलवर जमली होती आणि उरलेली मोडली होती.

त्याने कोठी उघडली. मोबाईलवरचे गहू झटकले. उघड म्हणाला, तर पोरीने न कचरता उघडून दिला. हा निगरगट्टपणा त्याला जास्त लागला.

आत एकच नंबर पुन्हा पुन्हा होता. त्याला नाव नव्हतं. रोजचे फोन, आणि प्रत्येक जेमतेम रिंगेपुरता. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री, मग पुन्हा दिवसा.

बेबाबाईचा भाऊ सुकदेव नरडाण्याला एका कंपनीत होता. चुडामणने आपल्या फोनवरून त्याला गाठलं आणि हे दिवसा-रात्रीचं कोडं घातलं. सुकदेवला कोडं पडलंच नाही. पाळी आठवड्याला बदलते दाजी, तो म्हणाला, पोरगा आमच्याकडलाच कुठला तरी असणार.

"कोण आहे हा?" चुडामणने मोहिनीला विचारलं.

"तुम्हीच लावून बघा ना," मोहिनी म्हणाली. मग जरा थांबून, "पण एकदाच लावा. सारखं लावू नका."

"का? साहेबांना त्रास होतो?"

"हो."

चुडामणने तिच्याच फोनवरून लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला. कोणी बोलेना. कोण बोलतंय म्हणून त्याने तीनदा विचारलं, नाव विचारलं, गाव विचारलं. शेवटी कापून पुन्हा लावला. या वेळी मागे घरघर ऐकू येत होती.

"यंत्राचा आवाज," तो फोनवर हात ठेवून बेबाबाईला म्हणाला. "कंपनीच."

पुन्हा लावला तर घरघर नाही. यंत्र बंद करून ऐकतोय लबाड. पुन्हा लावला, पुन्हा घरघर. असं बराच वेळ चाललं. मोहिनी मध्येच पुढे आली, तिने तोंड उघडलं. चुडामणने तीन बोटं दाखवली. तिसरा नियम. तिने तोंड मिटलं.

"अहो, पोरगी काय म्हणते ते ऐका तरी," बेबाबाई म्हणाली.

"ऐकलं तेवढं पुरे. जळगाव रद्द. दिवाळीपासून ही पारोळ्याला माझ्या बहिणीकडे राहील."

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत जाऊन पुस्तक उघडून बसली. दुसरा नियम.

ते पाणी बघून चुडामणचा उरलासुरला धीर सुटला. म्हणजे प्रकरण खोल होतं. त्याने शेवटचा फोन लावला, आणि पुस्तकी मराठी त्याला पुरेना.

"मनी पोरना नाद सोड," तो ओरडला, "नही ते जठे उभा शे तठेच जाळी टाकसू."

जाळायच्या या धमकीवर पलीकडे काहीतरी तडतडलं आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना.

"पळाला," चुडामण म्हणाला. बापाने आवाज चढवला की असं होतं. त्याने मोबाईल कोठीत टाकला, कुलूप लावलं आणि राहिलेला चहा गरम करायला सांगितलं.

चहा उकळतोय तोवर शेजारच्या वावरातला पितांबर दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा भुतासारखा. या आठवड्यात लाइट दिवसाची, आणि सकाळपासून तुझी मोटर चालू-बंद, चालू-बंद होतेय, तो म्हणाला. बघायला गेलो तर तिच्यातून धुराचा लोट. फ्यूज काढला, पण उशीर झाला होता.

"मोटर तर आपोआप चालते," चुडामण म्हणाला. "तिथे कोणी नव्हतं का?"

पितांबरने त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

"कोनीच नव्हतं, भाऊ. पन गोपालना सिमवाला डबामाईन तुनाच आवाज ई राह्यंता. जठे उभा शे तठेच जाळी टाकसू, म्हने."