सरदाराची जखम

सरदाराची जखम बरी का होत नाही, यावरून वाचनालयाच्या वरच्या खोलीत चांगलीच खडाजंगी चालली होती.

कादंबरी जाडजूड होती. जुन्या काळातला एक सरदार, लढाईत मांडीला भाला लागलेला, आणि त्याची शुश्रूषा करणारी वैद्याची मुलगी. औषधाच्या दुकानाचे मालक पुस्तकावर खवळलेच होते. असली जखम एक तर भरते, नाही तर माणसाला घेऊन जाते. हा बाबा मात्र खिडकीत बसून नुसते उसासे टाकतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना इतिहास कच्चा वाटला होता. कोपऱ्यातल्या नव्या नवरीला मात्र सगळंच आवडलं होतं, अगदी उसाशांसकट. वाचताना आपण दोनदा रडलो, हे सांगायलाही ती लाजली नाही.

दाराजवळच्या खुर्चीत ड्रायव्हर बसला होता, बँडेज बांधलेला पाय समोरच्या स्टुलावर ठेवून. लांब पल्ल्याचा ट्रक उलटून पोटरी फाटली, तेव्हापासून तो घरीच होता. पुस्तकांशी त्याचं कधी जमलं नव्हतं. पण ही कादंबरी बायकोने रोज संध्याकाळी त्याला वाचून दाखवली होती, आणि आज तो हट्टाने तिच्याबरोबर आला होता. तरी त्याचं निम्मं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. कामावर येणार की नाही, ते आज ट्रकच्या मालकांना कळवायचं होतं. नाही तर नवा ट्रक दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

बायको अशा बैठकीत सहसा तोंड उघडत नसे. आज बोलली.

"लेखिकेची चूक नाही ती. जखम केव्हाच भरलीय. ती मुलगीच पट्टी सोडत नाही."

असं पुस्तकात कुठे लिहिलंय, बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"लिहिलेलं नाही. पण तिसऱ्या प्रकरणानंतर ती त्याला 'दुखतंय का' म्हणून एकदाही विचारत नाही."

एवढं बोलून तिने पुस्तक मिटलं. बाकीच्यांनी पानं चाळली. खरंच कुठे विचारलेलं नव्हतं. म्हणजे ही शुद्ध फसवणूक झाली, असं औषधवाले म्हणाले. सरदाराला लढाईवर परतायचंय आणि ही त्याला मुद्दाम अंथरुणात डांबून ठेवते. लढाईवर जाऊन तरी काय, मरायचंच ना, असं नवी नवरी म्हणाली, आणि मग त्या दोघांची जुंपली.

ड्रायव्हर त्यांचं ऐकतच नव्हता. बायकोने आपल्याला 'दुखतंय का' हे शेवटचं कधी विचारलं, ते तो आठवत होता. काही केल्या आठवेना.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दवाखान्यात पाय दाखवायची तारीख तिनेच पुढे ढकलली होती, डॉक्टर बाहेरगावी गेलेत म्हणून. पट्टी बदलायला नर्स नको, मी करते, असंही तीच म्हणाली होती. तेव्हा त्याला तिचं कौतुक वाटलं होतं. घरी येताना रिक्षात त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, डॉक्टर परत आले का गं. येतील की, एवढंच ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर ती पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेली. ड्रायव्हर पलंगावर बसला. एवढा आडदांड माणूस, पण रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची. पट्टी बदलताना तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि स्वतःची जखम त्याने आजवर पाहिलीच नव्हती. घट्ट पट्टीने पाय ठणकायचा, तो जखमेचाच ठणका समजायचा. आज त्याने दात आवळले, गाठ सोडली, वेढे उलगडले आणि खाली बघितलं.

गुलाबी, कोरडी, गुळगुळीत कातडी होती. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, मग जोरात दाबून पाहिलं. काही झालं नाही.

त्याचं डोकं सणकलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोने आपल्याला मामा बनवलं. तो अंथरुणात लोळतोय, हाताखाली शिकलेली पोरं लांबच्या फेऱ्या मारतायत, आणि ही बया रोज नवी पट्टी बांधतेय. तिला हाक मारायला त्याने तोंडसुद्धा उघडलं. मग त्याची नजर उशाशी पडलेल्या कादंबरीवर गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला तो आत्ताच काय तो थांबला होता. आधीच्या सगळ्या वर्षांत तो आला की तिचा पहिला प्रश्न एकच असायचा, निघणार कधी. तो प्रश्नही तिने बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. राग गेला नाही, पण हाकही आली नाही.

ती गरम पाण्याचं भांडं आणि नवी पट्टी घेऊन आली आणि दारातच थबकली. उघडा पाय तिने पाहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलायचा प्रयत्नही तिने केला नाही.

ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. मग त्याने फोन काढला आणि मालकांना लावला.

"मालक, ट्रक दुसऱ्याला देऊन टाका," तो म्हणाला. "जखम अजून ओली आहे."

पलीकडून मालक काहीबाही बोलत राहिले. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन बाजूला ठेवला आणि पाय पुढे केला.

ती खाली बसली आणि पट्टी गुंडाळू लागली. शेवटची गाठ मात्र तिला काही केल्या बसेना. तेव्हा त्याने वाकून गाठीवर आपलं बोट दाबून धरलं.