दातार मास्तरांच्या वर्गात

"आवाज झाला की लगेच आपलं नाव सांगायचं, आजी," रेकॉर्डर जमिनीवर ठेवत मृण्मयी म्हणाली. "खोकलात, खुर्ची हलली, काहीही. नाहीतर नंतर ऐकताना तुमचाच आवाज आम्हाला भुताचा वाटेल."

भुतं शोधणाऱ्या या मुलांना दातार मास्तर वारल्यापासून बंद पडलेल्या त्यांच्या गायनवर्गातली जुनी विद्यार्थिनी हवी होती, म्हणून मी आले होते. भर दुपारी सगळे डोळे मिटून बसले. मी काठीवर दोन्ही हात ठेवले. मृण्मयीने रिकाम्या खोलीला विचारलं, "इथे कुणी आहे का?" आणि उत्तरासाठी ती थांबली. तेवढ्यात एक मुलगा शिंकला.

"ओंकार शिंकला," तो घाईने म्हणाला. मला हसू आलं. मास्तरांसमोर शिंकायची कुणाची हिंमत नव्हती.

मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. शिंकेनंतर मांडीवर ताल धरल्याचा आवाज होता. हलका, पण समेवर जोरकस थाप. ती थाप मी कुठेही ओळखली असती.

"याला कुणी नाव सांगितलं नाही!" मृण्मयी उठून उभीच राहिली. "आता दर शनिवारी इथे लोकांना घेऊन यायचं."

मास्तरांना रियाजाच्या वेळी दारात माणूस उभा राहिलेला खपत नसे. आणि इथे गर्दी?

"अगं, मीच ती," मी ठणकावून सांगितलं. "जुनी सवय. नाव सांगायचं राहिलं."

"काय हो आजी!" ती हिरमुसली. मुलं सामान आवरून जिना उतरली.

माझे हात काठीवरून हललेही नव्हते. दार ओढून घेताना मी आत पाहून म्हटलं, "चालू द्या, मास्तर."